बँकेतला माणूस कामात मन का घालत नाही?

मृगाचा पहिला पाऊस पडला की आमच्या परभणी जिल्ह्यात दोन ठिकाणी गर्दी उसळते. एक कृषी सेवा केंद्रावर आणि दुसरी बँकेच्या दारात. केंद्रावरची गर्दी दुपारपर्यंत ओसरते, कारण दुकानदाराला गिऱ्हाईक परत पाठवायचे नसते. बँकेच्या दारातली गर्दी मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा तशीच उभी असते. तीच माणसे, हातात तीच पिशवी, पिशवीत तोच सातबारा आणि तोंडात एकच वाक्य, "साहेब, चौथी चक्कर आहे बघा."

एका खरिपात अशाच एका शेतकऱ्याची परवड जवळून पाहिली. तीन एकर रान, सोयाबीन आणि त्यात तूर. मागचे पीक कर्ज मुदतीत फेडलेले. फक्त नवे-जुने करून साठ हजार रुपये उचलायचे होते. पहिल्या चकरेला मॅनेजर साहेब रजेवर. दुसऱ्या चकरेला लिंक बंद. तिसऱ्या चकरेला "आठ-अ जुना आहे, नवीन आणा." चौथ्या चकरेला "आज विम्याचा कॅम्प आहे, सोमवारी या." सोमवारपर्यंत रानातला वाफसा कोणासाठी थांबतो? शेवटी बियाणे उधारीवर आणि रोकड सावकाराकडून, शेकडा तीन रुपये महिन्याने.

आता हिशेब करा. साठ हजाराला सहा महिन्यांचे सावकाराचे व्याज झाले १०,८०० रुपये. तेच बँकेचे पीक कर्ज ७ टक्क्यांनी, मुदतीत फेडले तर केंद्राची ३ टक्के सवलत मिळून ४ टक्के, म्हणजे सहा महिन्यांचे १,२०० रुपये. त्यावर राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख योजनेची सवलत वेगळीच. म्हणजे चार चकरांची किंमत साडेनऊ हजारांच्या पुढे गेली. सोयाबीनचे दोन-तीन कट्टे गेले की हो!

अशा वेळी पारावर एकच निकाल लागतो. "बँकवाल्यांना कामच करायचे नाही. फुकटचा पगार पाहिजे." हा निकाल देणे सोपे आहे, आणि संताप आलेल्या माणसाच्या तोंडून तो निघणारच. पण त्या निकालाने पुढच्या मृगाला चकरा कमी होत नाहीत. म्हणून आज जरा काउंटरच्या पलीकडे जाऊन पाहू. बँकेतल्या माणसाचे मन कामात लागते कशाने आणि उडते कशाने, हा प्रश्न बँकेच्या मुंबईतल्या मोठ्या कचेरीचा आहे असे आपल्याला वाटते. खरे तर तो आपल्या बांधावरचा प्रश्न आहे.

पाचव्या चकरेला मी त्या शेतकऱ्याबरोबर गेलो. शाखेत तीन माणसे. एक मॅनेजर, एक कॅशियर, एक अधिकारी. शाखेला जोडलेली गावे अकरा. कृषी अधिकारी आहे, पण तो दोन शाखांत विभागलेला आणि त्या दिवशी दुसरीकडे. मॅनेजर तिशीचा, बिहारकडचा पोरगा. आवाज चढलेला नव्हता, माणूस फक्त थकलेला दिसत होता. मी कृषी विस्तार अधिकारी म्हणून ओळख दिली तेव्हा तो जरा मोकळा झाला. म्हणाला, "सर, पीक कर्ज किती केले हे मला महिन्यातून एकदा विचारतात. विमा किती केला हे दिवसातून तीनदा विचारतात."

खरी मेख या एका वाक्यात आहे.

तीन प्रश्न

माणूस कामात मन कधी घालतो, यावर जगात बराच अभ्यास झाला आहे. अमेरिकेतील विल्यम कान यांनी १९९० साली यावर एक लेख लिहिला, तो आजही आधाराला घेतला जातो. त्यांनी मुलांच्या उन्हाळी शिबिरात काम करणारी माणसे पाहिली आणि इमारतींचे आराखडे करणाऱ्या एका कंपनीतली माणसे पाहिली. त्यांना असे दिसले की माणूस नकळत स्वतःला तीन प्रश्न विचारत असतो. या कामाला काही अर्थ आहे का? मी मन घालून काम केले तर माझ्यावर बालंट तर येणार नाही ना? आणि मन घालायला माझ्यात ताकद उरली आहे का? तिन्हीचे उत्तर 'हो' आले तर माणूस कामात उतरतो. नाही तर तो हजर असतो, पण कामात नसतो.

यात पुस्तकी असे काही नाही. सालगड्याचे मनही याच तीन गोष्टींवर चालते. पीक आपल्या हाताने आले हे त्याला दिसले पाहिजे, बैल आजारी पडला तर खापर त्याच्या डोक्यावर फुटता कामा नये आणि दोन घास वेळेवर मिळाले पाहिजेत. आता हेच तीन प्रश्न घेऊन ग्रामीण शाखेत जाऊ.

जे मोजतात तेच होते

१९ जुलै १९६९ रोजी इंदिरा गांधींच्या सरकारने १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण केले, १९८० साली आणखी सहा बँकांचे. त्यामागचा एक मोठा हेतू हाच होता की शेतकरी, कारागीर, लहान धंदेवाला यांना बँकेचे दार उघडे व्हावे. आजही रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की बँकांनी आपल्या एकूण कर्जाच्या ४० टक्के कर्ज अग्रक्रम क्षेत्राला द्यावे, त्यात शेतीला १८ टक्के आणि त्यातही अल्प व अत्यल्पभूधारकांना १० टक्के. कागदावर पाहिले तर शेतकरी हा बँकेचा पाहुणा नव्हे, घरचा माणूस आहे.

पण शाखेतल्या माणसाचे मोजमाप कशाने होते? ठेवी किती आल्या, विमा किती खपला, म्युच्युअल फंड किती, क्रेडिट कार्डे किती, सोनेतारण किती. साठ हजारांच्या पीक कर्जाला जेवढे कागद, जेवढ्या सह्या आणि जेवढा वेळ लागतो, तेवढ्याच वेळात दहा लाखांचे एखादे कर्ज होते. संध्याकाळच्या बैठकीत कौतुक दहा लाखांचे होते. साठ हजारांच्या कर्जामुळे एका घराची पेरणी वेळेवर झाली, हे कोणत्याच तक्त्यात येत नाही. मग माणसाने मन कुठे घालावे?

ही ओरड फक्त आमच्यासारख्यांची नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये खुद्द केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी मुंबईत बँकांना बजावले होते की चुकीच्या पद्धतीने विमा गळ्यात मारू नका. गळ्यात मारणारा कोण असतो? शाखेतलाच पोरगा. त्याला ते आवडते असे समजू नका. शेतात घाम गाळणाऱ्या माणसाला नको असलेली पॉलिसी देताना त्याचीही नजर खाली जाते. असे वर्षभर करावे लागले की आपल्या कामाला अर्थ आहे ही भावनाच मरते.

आम्ही खात्यातली माणसे दुसऱ्याकडे बोट दाखवतो तेव्हा तीन बोटे आपल्याकडेही असतात. आम्हालाही उद्दिष्टे येतात. अमुक प्रात्यक्षिके, अमुक प्रशिक्षणे, फोटो पाठवा, अहवाल पाठवा. फोटोसाठी शेतकरी उभे करण्यात दिवस गेला की शिवारात फिरायला वेळ उरत नाही आणि हळूहळू फोटो हेच काम होऊन बसते. म्हणून त्या मॅनेजरचे बोलणे मला लगेच कळले. जे मोजले जाते तेच होते. बँकेतही आणि पंचायत समितीतही.

कामाचा अर्थ तुटण्याचे आणखी एक कारण म्हणजे बदली. अधिकारी तीनेक वर्षांत हलतो. पहिले वर्ष गावे ओळखण्यात जाते, सातबारा वाचायला शिकण्यात जाते. दुसऱ्या वर्षी कोण खरा आणि कोण खोटा हे कळू लागते. तिसऱ्या वर्षी तो बदलीच्या आदेशाची वाट पाहतो. त्याने दिलेल्या कर्जावर विहिरीला पाणी लागले की नाही, पोरीचे लग्न सावकाराशिवाय पार पडले की नाही, हे त्याला कधी दिसतच नाही. पेरणारा एक, काढणारा दुसरा. अशा शेतात जीव कसा लागणार?

त्यात विलीनीकरणे झाली. १९४१ साली निजामी राजवटीत सुरू झालेली हैदराबादची स्टेट बँक आपल्या मराठवाड्यात घरची बँक होती. म्हातारी माणसे अजूनही 'हैदराबाद बँक' असेच म्हणतात. १ एप्रिल २०१७ रोजी ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. १ एप्रिल २०२० रोजी देशात आणखी दहा सरकारी बँकांच्या चार बँका झाल्या. विलीनीकरणाचे फायदे-तोटे जाणकारांनी सांगावेत. पण ज्या पाटीखाली माणसाने वीस वर्षे नोकरी केली ती पाटी एका रात्रीत उतरली की त्याच्या मनात काय होते, हे गावाच्या शाळेचे नाव बदलले तरी कळते. रीत नवी, संगणकातली प्रणाली नवी, वरचे साहेब नवे. जुन्या माणसांचे जे तोंडपाठ ज्ञान होते त्याला अचानक किंमत राहिली नाही.

सहीची भीती

दुसरा प्रश्न भीतीचा. पारावर आपण म्हणतो, मॅनेजरने मनात आणले तर एका दिवसात कर्ज होते. पूर्वी हे बऱ्याच अंशी खरे होते. आता बहुतेक ठिकाणी मंजुरीचे अधिकार वरच्या कचेरीत गेले आहेत. शाखेतला माणूस कागद गोळा करतो, वर पाठवतो आणि वरून आलेली त्रुटी तुम्हाला सांगतो. निर्णय त्याचा नाही, पण शिव्या मात्र त्याच्या. ज्याच्या हातात काहीच नाही त्याला कामाची हौस कुठून येणार?

आणि जिथे सही त्याची असते तिथे भीतीही त्याचीच असते. सोयाबीनसारख्या कमी मुदतीच्या पिकाचे कर्ज दोन हंगाम थकले की ते बुडीत खात्याकडे जाते, ज्याला बँकेच्या भाषेत एनपीए म्हणतात. मग चौकशी लागते. कोणी मंजूर केले? पाहणी केली होती का? कागद पुरे होते का? पाऊस नव्हता, भाव पडला होता, ही कारणे चौकशीच्या कागदावर फिकी पडतात. कर्ज नाकारले म्हणून वरून जाब विचारल्याचे क्वचितच ऐकू येते. कर्ज दिले आणि थकले तर मात्र निवृत्तीच्या तोंडावर आलेल्या माणसाच्याही घरी नोटीस पोहोचते. मग शहाणा माणूस काय करील? "आणखी एक कागद आणा" असे म्हणेल. आपण ज्याला आडमुठेपणा म्हणतो, त्यात निम्मी भीती असते.

दुसऱ्या बाजूनेही दडपण आहेच. पीक कर्जासाठी सिबिलची अट घालू नका, असे राज्य सरकारने बँकांना वारंवार बजावले, गुन्हे दाखल करण्याचे इशारेही दिले. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा आग्रह बरोबरच आहे. पण बँकेच्या वरच्या कचेरीची प्रणाली सिबिल पाहिल्याशिवाय पुढे सरकत नसेल, तर मधल्या मॅनेजरने काय करावे? वरून एक दांडा, खालून एक दांडा. जात्यातले दाणे आणि तो यांत फरक तो काय? ज्याच्या हातात धोरण आहे त्याला धरा, एवढेच म्हणणे आहे.

हात किती, कामे किती

तिसरा प्रश्न ताकदीचा. गेल्या दहा-बारा वर्षांत ग्रामीण शाखेवर किती कामे आली ते आठवा. ऑगस्ट २०१४ मध्ये जनधन खाती. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी. तेव्हाच्या रांगा आपण विसरलो नाही, पण काउंटरच्या आत रात्री दहापर्यंत नोटा मोजणारी माणसे आपल्याला दिसली नव्हती. २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफीच्या याद्या. २०१९ पासून पीएम किसान, २०२३ पासून नमो शेतकरी. २०२० मध्ये करोनात सगळे घरात असताना बँका उघड्या होत्या. २०२४ च्या ऑगस्टात लाडक्या बहिणींच्या रांगा, आधार जोडणी आणि केवायसी. यातली प्रत्येक योजना लोकांच्या उपयोगाची. तक्रार योजनांची नाही. पण योजना वाढल्या तशी शाखेतली टेबले वाढली का, हा साधा प्रश्न आहे.

बैलजोडी एक आणि नांगरायचे रान चौपट झाले तर आपण बैलाला दोष देत नाही. माणसाच्या बाबतीत मात्र देतो.

सरकारी बँकांतल्या माणसांच्या बाबतीत जाणकारांनी सावध केले नव्हते असेही नाही. बँक ऑफ बडोदाचे माजी अध्यक्ष अनिल खंडेलवाल यांच्या समितीने २०१० साली केंद्राला अहवाल दिला. राष्ट्रीयीकरणानंतर भरती झालेली पिढी आता एकदम निवृत्त होईल आणि जाणत्या माणसांची पोकळी पडेल, हे त्यात मांडले होते. झालेही तसेच. सातबाऱ्यावरची नोंद नुसती नजर टाकून ओळखणारे जुने हेडक्लार्क गेले. त्यांच्या जागी आलेली पोरे परीक्षा देऊन आलेली, हुशार आहेत, पण फेरफार म्हणजे काय हे त्यांना सांगायला शाखेत कोणी उरले नाही.

"मग पगार वाढवा म्हणजे झाले" असे कोणी म्हणेल. पगाराला महत्त्व आहेच. ८ मार्च २०२४ च्या करारात बँक कर्मचाऱ्यांना १७ टक्के वाढ मिळाली. पण पगार माणसाला नोकरीत ठेवतो, कामात ठेवतोच असे नाही. खाजगी बँकांचे पाहा. तिथे चांगले काम केले तर बक्षिसे आहेत, बढत्या आहेत. तरी रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२४ च्या अहवालात नोंदवले की निवडक खाजगी बँका आणि लघुवित्त बँकांत वर्षाला सुमारे २५ टक्के माणसे नोकरी सोडून जातात. चारातला एक! आज ज्याने कर्ज दिले तो पुढच्या दिवाळीला तिथे नसतो. खाजगी बँकेत माणूस जागा सोडतो. सरकारी बँकेत जागा तशीच राहते, मन निघून जाते. शेतकऱ्याच्या वाट्याला दोन्हीकडे चकराच.

जमते तिथे कसे जमते?

इतके वाचून वाटेल की सगळा अंधारच आहे. तसे नाही. त्याच बँकेची दुसऱ्या तालुक्यातली एक शाखा मी पाहिली आहे. पगार तोच, नियम तेच, माणसे चारच. तिथल्या मॅनेजरने एप्रिलच्या मध्यापासून दर मंगळवारी एक गाव धरले. आदल्या आठवड्यात ग्रामपंचायतीने दवंडी द्यायची आणि नावांची यादी करायची. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहाय्यक (सरकारने अलीकडे तिघांचीही पदनामे बदलली, कामे तीच आहेत) यांनी त्या दिवशी चावडीत एकत्र बसायचे. सातबारा, आठ-अ जागेवर. ज्याचा फेरफार अडलेला त्याचे नाव वेगळ्या वहीत. दुपारपर्यंत गावाचे नवे-जुने करायचे अर्ज पूर्ण होऊन शाखेत जात. मृगापर्यंत त्या गावांचे बहुतेक काम उरकले होते.

मी त्या मॅनेजरना विचारले, "साहेब, हे वरून आले होते का?" ते हसले. म्हणाले, "नाही. आमच्या विभागीय साहेबांनी एवढेच सांगितले की मंगळवारी तुला कोणी फोन करणार नाही." बस्स! आठवड्यातला एक दिवस विश्वासाने मोकळा मिळाला आणि त्या माणसाने अख्खा हंगाम उभा केला. त्याच शाखेतल्या कॅशियर बाई मला म्हणाल्या, "गावात गेलो की लोक चहा पाजतात, नावाने हाक मारतात. शाखेत आम्ही फक्त काउंटर नंबर दोन." कामाचा अर्थ म्हणजे दुसरे काय असते?

आपला वाटा

आता थोडे आपल्याविषयी. आरशात पाहायलाही शिकले पाहिजे.

कर्जमाफीची नुसती कुजबूज सुरू झाली की ज्याच्या हातात पैसे आहेत तोही भरणा थांबवतो. अडचणीतल्या शेतकऱ्याला माफी मिळावी यात दुमत नाही. पण दुष्काळात होरपळलेला आणि पैसे असून न भरणारा हे दोघे बँकेच्या तक्त्यात एकाच रांगेत बसतात आणि त्या रांगेचा जाब मॅनेजरला द्यावा लागतो. एकाच रानावर दोन बँकांत कर्ज काढणारेही आपल्यातच आहेत. दलालाला दोन हजार देणारेही आपणच. दलालाच्या हातून अर्ज गेला की बँकेतला प्रामाणिक माणूस बिचकतो आणि अप्रामाणिक माणूस सोकावतो. नुकसान दोन्हीकडून आपलेच.

भाषेचेही तसेच. मराठी येत नाही म्हणून मॅनेजरला घेराव घातल्याच्या बातम्या येतात. खेड्यात काम करणाऱ्या माणसाला तिथली भाषा आलीच पाहिजे आणि बँकांनी ती शिकवूनच माणूस पाठवला पाहिजे, ही मागणी रास्त आहे. पण हजार कोसांवरून आलेल्या पोराला पहिल्याच आठवड्यात शिवी शिकवायची की 'वाफसा' हा शब्द शिकवायचा, हे आपल्या हातात आहे. एकदा त्याला शिवारात न्या. सोयाबीनची पेरणी चार दिवस लांबली तर काय होते हे रानात उभे करून दाखवा. पुढच्या वेळी 'सोमवारी या' म्हणताना तो दोनदा विचार करील.

करायचे काय?

बँकांच्या वरिष्ठांना सांगणे असे की १५ एप्रिल ते ३० जून या काळात ग्रामीण शाखांना विम्याची आणि कार्डांची उद्दिष्टे देऊ नका. ती नऊ महिने आहेतच. कृषी अधिकाऱ्याला काउंटरवर बसवू नका, शिवारात फिरू द्या. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंतच्या शेती कर्जाला तारण लागत नाही. तेवढ्या रकमेचा निर्णय तरी शाखेतल्या माणसाला घेऊ द्या आणि नीट पाहणी करून दिलेले कर्ज दुष्काळाने थकले तर त्याची चौकशी लावू नका. लबाडी आणि नापिकी यांतला फरक ओळखा.

जिल्हा प्रशासनाला सांगणे असे की बँकर्स समितीच्या बैठकीत पीक कर्जाची टक्केवारी वाचून मॅनेजरना उभे करण्याची रीत जुनी झाली. त्याच तक्त्यात आणखी दोन रकाने घाला. शाखेत मंजूर पदे किती आणि भरलेली किती? शाखेला गावे किती? मग कमी टक्केवारीचे कारण माणसात आहे की जागेत आहे हे आपोआप दिसेल. अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकांनी हे मनावर घेतले तर फार खर्चाचे काम नाही.

सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी यांनी एप्रिलमध्येच आपल्या गावासाठी बँकेकडून एक दिवस लेखी मागून घ्यावा. वारसाच्या नोंदी आणि अडलेले फेरफार त्याआधी निकाली काढावेत. मृग उजाडल्यावर फेरफाराचे बघू असे म्हणणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे.

आणि शेतकरी बांधवांनी? नवे-जुने पेरणीच्या तोंडावर ठेवू नये. अर्ज दिला की पोच मागावी. अग्रक्रम क्षेत्राच्या अर्जाची पोच देणे बँकेवर बंधनकारक आहे. किसान क्रेडिट कार्डाचा पूर्ण अर्ज आल्यापासून १४ दिवसांत काम व्हावे अशी सरकारची सूचना आहे, ती नम्रपणे आठवण करून द्यावी. काम झाले नाही तर शाखेला लेखी तक्रार द्यावी. ३० दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. कामचुकार माणूस तिथे सापडतो. तो असतोच, त्याला पाठीशी घालण्यासाठी हा लेख नाही.

पण ज्याने काम वेळेवर केले त्याच्या वरिष्ठांना एक पोस्टकार्ड टाकायलाही शिकले पाहिजे. तक्रारीचे अर्ज आपण चार प्रतींत करतो. चांगल्या कामाचा एक ओळीचा ठराव ग्रामसभेने केल्याचे मी तरी क्वचितच पाहिले. असा ठराव बँकेच्या विभागीय कचेरीत पोहोचला, तर विम्याच्या तक्त्याशेजारी निदान एक कागद तरी आपल्या बाजूचा असेल.

तो बिहारकडचा मॅनेजर नंतर बदलून गेला. जाण्याआधी त्या शेतकऱ्याचे नवे-जुने त्याने केले, पण तोवर सोयाबीन गुडघ्याएवढे झाले होते आणि सावकाराचे व्याज चालू झाले होते. बँकेतून आलेल्या पैशातून आधी सावकार भागवावा लागला. दोघांपैकी कोणाचीच नियत वाईट नव्हती. कामाची घडीच अशी बसवली होती की एकाचे मन लागू नये आणि दुसऱ्याची पेरणी साधू नये. ही घडी मोडायची तर पुढच्या मृगाची वाट न पाहता येत्या एप्रिलपासून हात घालावा लागेल. बँकेने एक दिवस मोकळा द्यावा, गावाने चावडी मोकळी द्यावी. सुरुवात एवढ्यावरही होते.